खोक्यावरून गाळलेला आकडा

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आपल्या घरी पत्र आलं की बाबा ते आधी उजेडासमोर धरून बघायचे आणि तोवर आपण दोघं श्वास रोखून उभे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. मी धडधाकट आहे, नोकरी शाबूत आहे, खोली तीच आहे, वेळेवर जेवतो. आता तू म्हणशील, एवढंच सांगायचं होतं तर फोन करायला काय धाड भरली होती? तेही नवाकोरा फोन घेतल्यावर? तुझा टोमणा पोचला मला. 'नवा फोन घेतलास, आता जुनी माणसं कशाला आठवतील.' तो तू मेसेजमध्ये लिहून पाठवलास ते एक बरं केलंस, लागला मात्र नेमका. तुला वाटतं, मी तुला टाळतो. फोन घेतला तर दोन शब्दांत आटपतो, कधी उचलतच नाही, मग नेटवर्कचं निमित्त सांगतो. ताई, निमित्तं खरी नव्हती, पण टाळणंही खरं नाही. तू मला शेपूट म्हणतेस ते काही उगाच नाही. आई गेल्यापासून तुझ्याच मागे मागे फिरून मी वाढलो. तूच तोंड फिरवलंस तर मला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोण आहे? म्हणून हे सगळं नीट, सुरुवातीपासून लिहितो. मेसेज केला असता तर तो पुरता वाचायच्या आत तू फोन लावला असतास, मी तुला ओळखतो. कागद हातात असला की माणूस शेवटपर्यंत वाचतो. तेवढं कर. मध्येच फोन लावू नकोस.

कामापासून सुरुवात करतो. मी छापखान्यात आहे एवढं तुला माहीत आहे, आणि तू शेजारीपाजारी 'आमचा धाकटा पुस्तकं छापतो' असं सांगत असतेस हे मला माहीत आहे. पुस्तकं नाहीत गं, खोकी. औषधांची, साबणांची, बुटांची, बल्बांची. पुठ्ठ्यावर मजकूर छापतात, मग एक भलं मोठं मशीन तो पुठ्ठा कापतं आणि घड्या पाडतं. सुरुवातीला मी त्या मशीनवरच होतो. त्याचा आवाज असा, की दिवस संपल्यावर घरी येऊन अंथरुणावर पडलं तरी ते डोक्यात चालूच. नंतर मालकांनी मला उचलून प्रूफाच्या खोलीत बसवलं. आठवीत शाळा सुटलेला मी, पण कागदावरची चूक मला खड्यासारखी लागते, तुला माहीत आहे; तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून मी केवढा गोंधळ घातला होता. तर प्रूफाचं काम असतं दोघांचं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, कंस, रिकामी जागा, सगळं तोंडाने म्हणत. दुसऱ्याने छापील प्रूफावर बोट ठेवून ऐकायचं आणि फरक दिसला की लाल खूण करायची. माझ्यासमोर बसतात ते मास्तर. खरेच मास्तर होते, शाळेतून निवृत्त झाले आणि घरी सुनेच्या पायात येतो म्हणून इथे आले. वाचणं-ऐकणं आळीपाळीने करायचं असा नियम आहे. मी मात्र पहिल्या दिवसापासून वाचणं माझ्याकडे ठेवलं. 'तुमचा घसा जपा, मास्तर,' असं म्हणायचो. ते खूश. सगळ्यांना सांगत सुटायचे, 'पोरगं अदबीचं आहे हो, म्हाताऱ्याचा घसा जपतं.' त्यात अदब वगैरे काही नव्हती. काय होतं ते येईलच पुढे.

तर एक दिवस आमच्याकडे एका नव्या फोनच्या खोक्याचं काम आलं. कंपनी काही फार मोठी नाही, पण खोकं बघत राहावं असं. काळा गुळगुळीत पुठ्ठा, त्यावर चंदेरी अक्षरं, आणि झाकण काढताना 'हुश्श' करून हवा सुटेल इतकं घट्ट माप. मागच्या बाजूला एक तक्ता होता, बॅटरी केवढी, कॅमेरा केवढा, आणि एका ओळीत 'ब्लूटूथ', पुढे एक आकडा. पहिलं प्रूफ मी वाचलं, मास्तरांनी तपासलं, बिनचूक गेलं. दोन दिवसांनी कंपनीकडून परत आलं, त्यावर दुरुस्ती होती, की ब्लूटूथपुढचा आकडा गाळा आणि त्या जागी 'प्रगत वायरलेस' असं घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला एक ओळही नवी टाकली, 'प्रत्येक आवाज थेट तुमच्यापर्यंत'. मी स्वतःच्या हाताने तो आकडा लाल रेघेने कापला. मजकूर पुन्हा वाचला, जोडाक्षरं तपासली, 'पर्यंत'वरचा रफार जागेवर आहे ना ते भिंग लावून बघितलं, आणि सही केली. मी वाचत असताना मास्तर म्हणे मध्येच बोलले होते, 'आकडा गाळायला सांगतायत म्हणजे फोन वय लपवतोय बघ.' स्वतःशीच हसलेही म्हणे. मला हे फार नंतर कळलं. माझे डोळे त्या वेळी कागदावर होते, त्यांच्या तोंडाकडे नव्हते.

आता हे वाचून तू थांबली असशील. तोंडाकडे नव्हते म्हणजे काय? तेच सांगतो आहे. ताई, मला कमी ऐकू येतं. कमी म्हणजे, समोर बसून तोंडाकडे बघत बोललेलं बरंचसं कळतं, पाठीमागून बोललेलं नाही, आणि फोनवरचं जवळजवळ नाहीच. कधीपासून, ते मलाच धड सांगता येत नाही. दिवा गेला की एकदम अंधार होतो, हे तसं नाही. संध्याकाळ होते तसं आहे. आपण खिडकीशी वाचत बसलेले असतो, अक्षरं दिसत असतात, आणि मग कुणीतरी येऊन म्हणतं, अरे दिवा का नाही लावलास? माझ्याकडे असं येऊन म्हणणारं कुणी नव्हतं. टायरच्या दुकानावरची माझी खोली तू बघितलेली नाहीस. खाली दिवसभर टायर ठोकतात, म्हणून तिचं भाडं हलकं. मी ती घेतली तेव्हा पहिला आठवडा त्या ठोकण्याने जीव नकोसा झाला होता, आणि मग एक दिवस वाटलं, चला, सवय झाली. सवय कसली! आता ते ठोकणं मला तळपायांना कळतं. घरमालकीण काकू दार वाजवून वाजवून थकतात आणि मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणतात, 'साहेब झोपलेत!' हे मला खालच्या टायरवाल्याने हातवारे करून सांगितलं. म्हणून मी दारासमोरच्या भिंतीवर आरसा लावला आहे आणि दार उघडंच ठेवतो. पाठ करून बसलो तरी कुणी आलं तर दिसतं. येत कुणी नाही, ती गोष्ट वेगळी. नळ चालू राहतो आणि बादली भरून पाणी बाहेर जिन्यापर्यंत जातं. चहाचं आधण आटून भांडं काळं होतं, तेव्हा वासाने उठतो. कपात चमचा फिरवताना मला आता काहीच ऐकू येत नाही. तेवढ्या एका बारीक आवाजाची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. पूर्वी खोलीत एकटा असलो तरी चमचा असायचा, नळ असायचा, जिन्यावर कुणीतरी चढायचं. एकटा असलो तरी घर भरलेलं असायचं. आता खोलीत मी आणि माझ्या डोक्यातलं ते मशीन, एवढेच राहतो.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर परत मशीनवर पाठवतील, नाहीतर घरी पाठवतील, आणि घर म्हणजे तरी आता कुठलं? म्हणून युक्त्या करत होतो. वाचणं माझ्याकडे ही एक युक्ती. कुणी बोललं की हसायचं ही दुसरी, पण ती एकदा अंगाशी आली. मशीनवरच्या फोरमनने सासू आजारी असल्याचं सांगितलं आणि मी दात काढले. मास्तर ते बघत होते. दुसऱ्या दिवशी ते एकाएकी म्हणाले की आज मी वाचतो, तू ऐक. मी नाही नाही म्हणत होतो, पण त्यांनी कागद हिसकावून घेतला आणि तोंडासमोर धरला. मुद्दाम धरला. मी प्रूफावर बोट फिरवत राहिलो, अंदाजाने माना हलवत राहिलो. त्यांनी वाचलं कधी, थांबले कधी, मला पत्ता नाही. मी मान वर केली तर ते कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत बसले होते. रागावले नाहीत. माझ्यासमोरचं प्रूफ ओढून घेतलं आणि समासात लाल पेनाने, मुलांच्या वहीत शेरा लिहावा तसं वळणदार लिहिलं, 'कान दाखवून ये.' आणि खाली सही. मी ते वाचलं आणि मला काय वाटलं सांगू? भीती वाटायला हवी होती. पण मला एवढं हलकं वाटलं, की मी तिथेच त्यांच्यासमोर डोळे पुसले आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

कान तपासणाऱ्या बाईंची खोली म्हणजे खोलीत खोली आहे. आत एक जाड दाराचं कपाट असावं तसं, त्यात खुर्ची. आपण आत बसायचं, हेडफोन कानाला लावायचे, आणि सूक्ष्म आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाई बाहेर काचेपलीकडे. परीक्षा म्हटली की माझं काय होतं, तुला माहीत आहे. आवाज येईना, आणि नापास होण्याची भीती वाटायला लागली, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाई आवाज सोडताना त्यांचं कोपर जरासं हलतं. मग काय, कोपर हललं की मी बटण दाबायचो. बाईंनी थोडा वेळ चालू दिलं. मग आत आल्या, माझी खुर्ची धरून गर्रकन भिंतीकडे फिरवली आणि वाकून, तोंड माझ्यासमोर आणून म्हणाल्या, 'कान तुमचे तपासायचेत, डोळे नाहीत. डोळे फर्स्ट क्लास आहेत.' त्यानंतर मी फारसं बटण दाबलं नाही. तपासणीचा कागद त्यांनी मला समजावून सांगितला. जाड, खालचे आवाज अजून बरे येतात. बारीक, उंच आवाज आधी जातात आणि माझे ते बरेचसे गेलेत. म्हणजे कुणाचे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बायकांचे आणि लहान मुलांचे. मला सरळ तू दिसलीस, आणि तुझ्या मागे उभी राहून 'मामा, मामा' करणारी चिमणी. ती फोनवर मला गोष्ट सांगते ना, त्यातलं मला एक अक्षर कळत नाही, ताई. ती थांबली की मी 'अरे वा' म्हणतो.

मग यंत्र बसवलं. कानामागे मावतं, शेंगदाण्याएवढं. समोरासमोर त्याचा खूप उपयोग होतो, मास्तरांचं बोलणं आता मला कळतं, आणि म्हणूनच ते किती पाल्हाळ लावतात हेही कळलं. पण फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी घालतं. लांब धरला की आवाज हवेत विरतो. व्हिडिओ कॉल करायचा, तर तू फोन असा धरतेस की मला तू कमी आणि छत जास्त दिसतं. ओठ बघायचे तर पंखा फिरताना दिसतो. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नव्या धर्तीचा फोन घ्या. नव्या फोनमधलं ब्लूटूथ या यंत्राशी सरळ बोलतं, पलीकडच्या माणसाचा आवाज हवेत न येता थेट कानात उतरतो, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. शेजारी बसून. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. आणि मला लगेच ते काळं खोकं आठवलं. 'प्रत्येक आवाज थेट तुमच्यापर्यंत.' शब्द न् शब्द मीच तपासलेला. दुसऱ्या कुठल्या फोनची चौकशी करायचं मनातही आलं नाही. दुकानदार मला गुण सांगायला लागला तर मीच त्याला म्हणालो, राहू द्या, पाठ आहे. बाजारात आल्या आल्या घेतला. तुला फोटो पाठवला तो त्याच दिवशी. तू लिहिलंस, 'ऐट बघा!' ऐट नव्हती गं. मी त्या दिवशी झाकण काढलं तेव्हा ती हवा सुटताना बघितली आणि वाटलं, आता संध्याकाळी ताईचा आवाज.

संध्याकाळी फोन यंत्र शोधत बसला. गोल गोल फिरायचं आणि 'काही सापडले नाही'. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. सगळी पुस्तिका वाचली, दोनदा वाचली. सकाळी बाईंकडे गेलो. त्यांनी आपल्या हाताने करून बघितलं, मग फोनच्या आतल्या माहितीत कुठेतरी शिरल्या आणि तोंडाने च्च केलं. तिथे तो आकडा होता. मी गाळलेला. बाई म्हणाल्या, फोन यंदाचा आहे, पण या आकड्याप्रमाणे आत बसवलेलं ब्लूटूथ कित्येक वर्षांपूर्वीचं आहे. गोदामात पडून राहिलेला जुना माल नव्या अंगात घातलाय. त्याला तुमच्या यंत्राची भाषाच येत नाही. मी विचारलं, अपडेटने येईल का? त्या म्हणाल्या, 'अहो, अपडेटने माणसाला अक्कल येते, नवा कान फुटत नाही.' आणि मग एकदम जीभ चावली त्यांनी. मी हसलो, खरंच हसलो. दुकानदाराकडे गेलो तर तो खोकं पुढे करून म्हणाला, यावर जे छापलंय ते सगळं या फोनमध्ये आहे, दाखवा एक तरी शब्द चुकीचा. मी काय दाखवणार? एकही शब्द चुकीचा नव्हता. रस्त्यापलीकडच्या दुरुस्तीवाल्याने फोन उघडूनही बघितला. कोट नवा आणि आत बनियन आजोबांची, म्हणाला. ती बनियन कोटाला शिवूनच टाकलीय, बदलता येत नाही. मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि तेव्हाच मला कळलं, की वय लपवण्याचं ते मागेच बोलले होते. मी ताई, त्या खोक्यावरचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे की नाही ते बघितलं. खरं आहे की नाही, ते बघायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बिनचूक छापलेलं खोटं नसतं असं मला का वाटत आलं, कोण जाणे.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. तपासणीच्या दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी पटकन नाही म्हणालो. आणि परत येताना चालता चालता थांबलो. बाबा. कोपऱ्यावरच्या त्या टपरीत आयुष्यभर किल्ल्या घासत बसलेले बाबा. गिऱ्हाईक किल्ली समोर ठेवायचं, बाबा ती बघायचे, बोटं दाखवायचे, एक की दोन, आणि काम सुरू. बोलायची गरजच नाही. घरात आपण काही सांगितलं की 'हं'. जेवायला चला, हं. पाणी आलं नाही, हं. आई चिडून म्हणायची, दगडाशी संसार केला. आपण त्यांना घुमे म्हणायचो, गर्विष्ठ म्हणायचो, तू तर निष्ठुर म्हणालीस. तू शिकायला दुसऱ्या गावी निघालीस, तेव्हा टपरीवर जाऊन त्यांच्या पाठीमागे उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाबा, मी निघाले, एकदा 'जा' म्हणा. मशीनही बंद होतं, असं तू प्रत्येक वेळी सांगतेस. त्यांनी मान वळवली नाही. तू निघून गेलीस आणि ते असेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतीच बोललीस. ताई, मशीन बंद होतं. पण तू त्यांच्या पाठीमागे होतीस. आणि तुझा आवाज तेव्हाही असाच बारीक होता. मी काही ठामपणे सांगत नाही, त्यांचे कान कुणी तपासले नाहीत, आता तपासता येणार नाहीत. पण संध्याकाळी ते घरी आले होते, हे मी बघितलं आहे. मी दोनच ताटं वाढली तेव्हा त्यांनी तिसऱ्या पाटाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा लहान होतो, मला वाटलं ते तुझ्यावर रागावून विचारताहेत. आता वाटतं, त्यांना तू गेल्याचं माहीतच नव्हतं. ते खरंच विचारत होते.

आणि आता मी हे का लिहितो आहे ते. गेल्या रविवारी दुपारी तुझा फोन आला. तो टोमणा लिहिण्याइतकी तू चिडली होतीस म्हणून मी उचलला. न उचलणं शक्यच नव्हतं. मोठ्या आवाजावर ठेवला, यंत्र शिट्टी घालू लागलं म्हणून ते काढून ठेवलं, आणि फोन गालाला दाबून धरला. तू खूप वेळ बोललीस. मला शब्द एकही आला नाही, पण चाल येत होती, वर जाणारी, खाली येणारी. मध्ये तू थांबलीस, तेव्हा रडत असावीस. तू थांबलीस की मी 'हं' म्हणत गेलो. शेवटी तुझा आवाज वर चढला आणि तिथेच राहिला, आणि मग कितीतरी वेळ काही नाही. मला एवढं समजलं, की तू काहीतरी विचारलं आहेस आणि उत्तराची वाट बघते आहेस. ऐकू आलं नाही, असं कसं म्हणू? आधीच तू दुखावलेली. मी म्हणालो, 'हो ताई, चालेल. अगदी चालेल.' मग फोन ठेवलास आणि तुझा मेसेज आला, 'बरं वाटलं. तू हो म्हणशील असं वाटलंच नव्हतं.' तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तू काय विचारलंस, ताई? बाबांची टपरी विकायचं का? चिमणीला घेऊन इकडे येऊन राहायचं, म्हणजे तुझं आणि भावोजींचं काही बिनसलं आहे का? की माझ्यासाठी कुणी मुलगी बघून ठेवलीस? तसं असेल तर तिला आधी माझ्या कानांचं सांग. मी हो म्हणणार नाही असं तुला कशामुळे वाटलं होतं? मला चेष्टा सुचते आहे, पण ही ओळ मी तीनदा खोडून लिहिली आहे, बघ. जे असेल ते कागदावर लिहून पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत त्या 'हो'वर विसंबून काही करू नकोस, कुठे सही करू नकोस, कुणाला शब्द देऊ नकोस. तुझं बोलणं ऐकू आलं असतं तरी कदाचित मी 'हो'च म्हणालो असतो. पण तू रडत रडत जे मागितलंस ते काय होतं, हे कळल्यावर म्हणायचं आहे मला. पुन्हा एकदा विचार.

तुझंच,
शेपूट